फिट, मूड आणि मानेतली नर्व्ह

आमच्या सांगली-साताऱ्याकडे फिट आली की नाकाला कांदा नाहीतर चप्पल, आणि मन खचलं तर 'रिकामपणाचे उद्योग'! पण या दोन आजारांचा इतिहास एका जागी भेटतो. १९३८ साली बेली आणि ब्रेमर यांनी मांजराची व्हेगस नर्व्ह विजेने छेडली, तर मेंदूच्या लहरी बदलल्या. १९८८ मध्ये अमेरिकेत फिटच्या पेशंटच्या छातीत यंत्र बसवून तार मानेतल्या या नर्व्हला जोडली. पुढे लक्षात आलं, फिट फारशा न घटलेल्यांचाही मूड सुधारतोय! (मला हेच भारी वाटतं.) स्कॅनमध्येही भावना सांभाळणाऱ्या भागांतली हालचाल बदललेली दिसली. रिकामपणा नव्हे हो, काका! २००५ मध्ये तिथे औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनसाठीही मंजुरी मिळाली. वाद मात्र राहिलाच, कारण दहा आठवड्यांच्या चाचणीत चालू आणि बंद यंत्रात ठळक फरक नव्हता. गुण यायला महिने लागतात.