दान्तेची टिंगल आणि सिएनाचे पाणी

मध्ययुगीन इटलीचा विचार आपल्याकडे बहुधा फ्लोरेन्सपासून सुरू होतो आणि तेथेच संपतो. कारण उघड आहे. तो आपण दान्तेचे बोट धरून करतो. फ्लोरेन्सच्या दक्षिणेला, टस्कनीच्याच टेकड्यांवर वसलेले सिएना आमच्या वाट्याला प्रथम आले तेही ‘डिव्हाइन कॉमेडी’च्या तळटीपांतून, म्हणजे एका फ्लोरेन्सकराने केलेल्या कुचेष्टेतून. एखादे शहर त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या काव्यातून वाचणे कितपत न्याय्य, हा प्रश्न वर्गात शिकवताना आम्हाला कधी पडला नव्हता.

वैर जुने होते. ४ सप्टेंबर १२६० रोजी मोन्तापेर्तीच्या लढाईत सिएनाने फ्लोरेन्सचा दारुण पराभव केला. दान्तेचा जन्म त्यानंतर पाच वर्षांनी झाला. पुढे १२६९ मध्ये कोल्ले येथे सिएना हरले, पक्ष बदलून पोपच्या बाजूला गेले आणि कागदोपत्री फ्लोरेन्सचे मित्रही झाले. पण दान्तेच्या मनातली अढी काही गेली नाही. ‘इन्फर्नो’च्या २९व्या सर्गात सिएनाकर त्याला फ्रेंचांहूनही पोकळ डौलाचे वाटतात. ‘पुर्गातोरिओ’च्या १३व्या सर्गात तर तो सापीया या सिएनाच्याच स्त्रीच्या तोंडून आपल्या गावाची टर उडवतो: हे लोक तालामोने बंदरावर भिस्त ठेवून बसले आहेत, आणि जमिनीखाली वाहणारी ‘दियाना’ नदी शोधण्यात गमावली त्याहून अधिक आशा ते तेथे गमावतील.

तालामोनेबाबत दान्ते खरा ठरला. १३०३ मध्ये विकत घेतलेल्या त्या बंदराने सिएनाला सागरी सत्ता कधीच केले नाही. पाण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिच्यापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. सिएना डोंगरधारांवर उभे आहे. शहरातून नदी वाहत नाही. वालुकाश्मात झिरपणारे पावसाचे पाणी खालच्या चिकणमातीच्या थराशी अडते. तेच थेंब थेंब गोळा करण्यासाठी या लोकांनी शतकानुशतके भुयारे खोदली. त्यांना ‘बोत्तीनी’ म्हणतात. सुमारे २५ किलोमीटर लांबीच्या या जाळ्यात, माणूस उभा राहून चालू शकेल अशा बोगद्यांच्या तळाशी, अतिशय मंद उतारावरून पाण्याचा पाट वाहतो. १३४२ मध्ये ते पाणी काम्पो या मुख्य चौकात, ‘फोन्ते गाया’ कारंजापर्यंत पोहोचले. दान्तेला जाऊन तेव्हा एकवीस वर्षे झाली होती. दियाना सापडली नाही हे खरे. पण जिला शोधतात म्हणून हसे झाले, ती नदी सिएनाकरांनी हातांनी घडवली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होऊ नये.

शिंपल्यासारखा उतरता हा काम्पो विटांच्या नऊ भागांत विभागलेला आहे. हे नऊ म्हणजे १२८७ ते १३५५ पर्यंत राज्य करणारे ‘नवांचे मंडळ’, मुख्यतः सधन व्यापारी. चौकालगतच्या नगरसभेच्या प्रासादात, त्यांच्या बैठकीच्या दालनात, आंब्रोजो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये सुराज्याची आणि कुराज्याची भित्तिचित्रे रंगवली. सुराज्याच्या नगरात नृत्य चालले आहे, गवंडी इमारत बांधत आहेत, गुरुजी शिकवत आहेत (आमची नजर साहजिकच तेथे रेंगाळली). पण वेशीबाहेर शेतांवर तरंगणारी पंखधारी ‘सुरक्षा’ हातात काय धरते? फासाचा खांब, त्याला लटकलेल्या माणसासह. चित्र राज्यकर्त्यांनी सांगून करवून घेतलेले आहे. चित्रकाराने मात्र शांततेची किंमत झाकलेली नाही.

दान्तेच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. याच काम्पोत, मोन्तापेर्तीच्या विजेत्यांतील एक असलेला गर्विष्ठ प्रोव्हेन्झान साल्वानी मित्राच्या सुटकेची खंडणी जमवण्यासाठी भीक मागत उभा राहिला. आणि या एका कृत्याखातर दान्तेने त्याला लवकर शोधनलोकात प्रवेश दिला. म्हणजे त्याचा राग शहरावर होता, माणूस ओळखण्याच्या आड तो आला नाही.

गर्वाचा आरोप सर्वस्वी खोटा होता, असेही आमचे म्हणणे नाही. १३३९ मध्ये सिएनाने आपले कॅथेड्रल इतके वाढवायचे ठरवले की असलेली वास्तू नव्या मंदिराची केवळ आडवी बाजू ठरावी. १३४८ मध्ये प्लेग आला. आन्योलो दी तुरा या वृत्तकाराने आपली पाच मुले स्वतःच्या हातांनी पुरली. सुराज्य रंगवणारा आंब्रोजोही बहुधा त्याच साथीत गेला. तरी सारा दोष साथीवर टाकता येत नाही: नव्या भिंती पेलणाऱ्या नाहीत हे लक्षात आले होते, आणि १३५७ मध्ये काम सोडून द्यावे लागले.

‘फाच्चातोने’ नावाची ती अर्धवट दर्शनी भिंत अजून उभी आहे आणि तिच्यावर चढता येते. जेथे मध्यदालन व्हायचे होते, तेथे आज उघडा चौक आहे. त्या चौकाला नाव दिले आहे ते याकोपो देल्ला क्वेर्चाचे, म्हणजे पंधराव्या शतकात फोन्ते गाया शिल्पांनी सजवणाऱ्या शिल्पकाराचे.