जुने शहर जुने कसे राहते? व्युर्त्सबुर्ग ते नॉयश्वानस्टाइन : एका रस्त्याचा इतिहास

१/
आजचा थ्रेड एका प्रवासाचा आहे, आणि त्याहून अधिक एका प्रश्नाचा. दक्षिण जर्मनीत व्युर्त्सबुर्गपासून आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या फ्युसेनपर्यंत ‘रोमँटिक रोड’ नावाचा मार्ग जातो. साडेतीनशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या या वाटेवर तटबंदीची गावे, किल्ले आणि चर्च यांची रांगच लागलेली आहे. भाड्याची मोटार घेऊन मी आणि माझी पत्नी सहा दिवस या वाटेवर हिंडलो.

२/
पहिल्याच संध्याकाळी, लाल कौलांची उतरती छपरे आणि दगडी वेस पाहत असताना, पत्नीने विचारले, “अरे, हे सगळं खरंच एवढं जुनं आहे का?” मी मोठ्या आत्मविश्वासाने ‘हो’ म्हणालो. पुढचे पाच दिवस ते उत्तर तुकड्यातुकड्याने मागे घेण्यात गेले. त्या तुकड्यांची ही हकिगत.

३/
आरंभ नावापासून करू. ‘रोमँटिक रोड’ हा मध्ययुगीन व्यापारी मार्ग असावा, असे नावावरून वाटते. प्रत्यक्षात या नावाने हा मार्ग १९५० साली आखला गेला. युद्धात हरलेल्या, जगभर बदनाम झालेल्या देशाला पर्यटक हवे होते. बव्हेरियात तळ ठोकून असलेले अमेरिकी सैनिक आणि त्यांची कुटुंबे हे जवळचे गिऱ्हाईक होते. वाटेवरच्या नगरांनी एकत्र येऊन आपली गावे एका सूत्रात ओवली. गावे जुनी, माळ नवी.

४/
व्युर्त्सबुर्ग. १६ मार्च १९४५ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी वीसेक मिनिटांत या शहराचा गाभा जाळून टाकला. सुमारे ५,००० माणसे मेली आणि जुन्या शहराचा जवळजवळ नव्वद टक्के भाग नष्ट झाला. आज आपण ज्या गल्ल्यांतून हिंडतो, त्यांतील बहुतांश घरे त्यानंतरची आहेत. जुने आहेत ते रस्त्यांचे आराखडे, काही भिंती, आणि एक आश्चर्य.

५/
ते आश्चर्य म्हणजे राजपुत्र-बिशपांचा राजवाडा, ‘रेसिडेन्झ’. वास्तुकार बाल्थाझार नॉयमान याने जिन्यावर मधल्या खांबांचा आधार नसलेली प्रचंड दगडी कमान टाकली होती. तिच्यावर १७५२-५३ मध्ये व्हेनिसच्या तिएपोलोने चार खंडांचे भित्तिचित्र रंगवले. १९४५ मध्ये छप्पर जळाले, पण कमान तगली. नंतर उघड्यावर पडलेल्या त्या कमानीत पाणी मुरू नये, म्हणून जॉन स्किल्टन या अमेरिकी अधिकाऱ्याने लाकूड मिळवून तिच्यावर तात्पुरते छप्पर घातले. चित्र वाचले ते अठराव्या शतकातील गणितामुळे आणि विसाव्या शतकातील फळ्यांमुळे.

६/
नदीपलीकडच्या टेकडीवर मारिएनबर्ग किल्ला आहे. १५२५ च्या शेतकरी उठावात बंडखोरांनी त्याला वेढा घातला. तो पडला नाही. शहराच्या नगरसभेने मात्र बिशपाऐवजी शेतकऱ्यांची बाजू घेतली होती. त्या सभेत जर्मनीचा एक श्रेष्ठ शिल्पकार होता, टिलमान रीमेनश्नायडर. उठाव चिरडल्यावर त्याला याच किल्ल्यात कोंडून त्याचा छळ करण्यात आला आणि त्याची मालमत्ता जप्त झाली. १५३१ मध्ये तो वारला. त्याची भेट पुढच्याच गावी पुन्हा होते.

७/
रोथेनबुर्ग. सेंट याकोब चर्चमध्ये रीमेनश्नायडरने १५०१ ते १५०५ या काळात घडवलेली लाकडी वेदी आहे. विषय येशूच्या अखेरच्या भोजनाचा, पण मध्यभागी उभा आहे तो विश्वासघातकी ज्युडास. लाकडावर रंग नाहीत; मागच्या खिडक्यांतून येणारा प्रकाश हाच तिचा रंग. आम्ही अर्धा तास तिथे बसलो होतो. प्रकाश सरकला की चेहऱ्यांवरचे भाव बदलतात.

८/
आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रोथेनबुर्ग इतके ‘मध्ययुगीन’ का दिसते? १२७४ मध्ये ते थेट सम्राटाच्या अधीन असलेले स्वायत्त नगर झाले. १४०० च्या सुमारास तेथे सुमारे ६,००० लोक राहत. पुढे तीस वर्षांच्या युद्धात (१६१८-१६४८) सैन्यांनी त्याला आलटूनपालटून नागवले. व्यापार गेला आणि पैसा आटला. श्रीमंत शहरे जुने वाडे पाडून नव्या धाटणीची घरे बांधतात. रोथेनबुर्गला ते परवडले नाही. त्याचे सौंदर्य हे त्याच्या दारिद्र्याचे अपत्य आहे.

९/
इथली लाडकी आख्यायिका सांगतो. १६३१ मध्ये सेनापती टिलीने गाव जिंकले. ‘सव्वातीन लिटर वाईन कोणी एका दमात प्यायला, तर गावाला अभय’, असे तो म्हणाला. माजी नगराध्यक्ष नुशने ते आव्हान पेलले आणि गाव वाचले! बाजारचौकातील घड्याळात हा प्रसंग रोज बाहुल्यांकडून वठवला जातो. टिलीने गाव घेतले हे खरे. पेल्याचा पुरावा समकालीन कागदांत नाही. ही कथा लोकप्रिय केली ती १८८१ मध्ये प्रथम रंगलेल्या नाटकाने. नेमक्या याच काळात चित्रकार आणि पर्यटक गावात येऊ लागले होते.

१०/
गावाच्या तटावरून छप्पर असलेल्या वाटेने चालता येते. चालता चालता पत्नी थांबली. भिंतीच्या दगडांवर नावे कोरलेली होती. जर्मन, अमेरिकी, जपानीसुद्धा. ही माणसे कोण? तर देणगीदार. ३१ मार्च १९४५ रोजी अमेरिकी विमानांनी गावावर बॉम्ब टाकले. ३९ माणसे मेली. जुन्या गावाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग, मुख्यतः पूर्वेकडचा, उद्ध्वस्त झाला आणि तटही ढासळला. मी ज्या भिंतीला हात लावून ‘मध्ययुग’ म्हणालो होतो, ती वर्गणीतून पुन्हा उभी राहिलेली होती.

११/
उरलेले गाव कसे वाचले? अमेरिकेच्या युद्धखात्यातील वरिष्ठ अधिकारी जॉन मॅक्लॉय याच्या आईने रोथेनबुर्ग पाहिले होते. त्याचे चित्र घरात होते. तोफखाना वापरू नये, अशी सूचना त्याने जनरल डेव्हर्सला केली. दुसऱ्या बाजूला, अखेरपर्यंत लढण्याचा हिटलरचा हुकूम मोडून स्थानिक जर्मन सेनाधिकाऱ्याने गाव सोडले. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी फौजा लढाईविना आत आल्या. एक आठवण आणि एक आज्ञाभंग, एवढ्यावर ते गाव तरले.

१२/
पण इथेच थांबलो तर इतिहास अर्धाच सांगितला असे होईल. तेराव्या शतकात या गावात रब्बी मेयर बेन बारूख हे युरोपभर मान असलेले ज्यू धर्मपंडित राहत असत. १५२० मध्ये ज्यूंना हाकलण्यात आले आणि त्यांच्या प्रार्थनागृहाचे चॅपेल करण्यात आले. त्यांच्या थडग्यांचे दगड बांधकामात वापरले गेले. काही पुढे सापडले. एकोणिसाव्या शतकात ज्यू कुटुंबे परत आली. नाझींनी रोथेनबुर्गला ‘आदर्श जर्मन गाव’ म्हणून मिरवले, सहली आणल्या, आणि ऑक्टोबर १९३८ मध्ये उरल्यासुरल्या ज्यूंनाही बाहेर काढले. देशभर प्रार्थनागृहे पेटण्याच्या काही आठवडे आधीच!

१३/
जुन्या भिंतींच्या प्रेमाचा असाही उपयोग होतो. ‘आमचे गाव शुद्ध आणि पुरातन’ असे म्हणताना त्या गावाच्या सात शतकांच्या इतिहासातील माणसेच वगळली गेली. तट दुरुस्त करता आला. तो समाज पुन्हा उभा करता आला नाही.

१४/
डिंकेल्सब्युल. हे गाव दोन्ही महायुद्धांतून जवळजवळ अबाधित सुटले. पण युद्धाइतकाच मोठा शत्रू असतो तो विकास. एकोणिसाव्या शतकात युरोपभर नगरांनी आपले तट पाडले. दगड विकले, रस्ते रुंद केले. इथे बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याने १८२६ मध्ये तट आणि बुरूज पाडण्यास मनाई केली. आणखी एक विशेष असा की १६४८ च्या तहानंतर येथे कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट यांनी नगराची पदे समसमान वाटून घेतली. भांडणे संपली नाहीत, पण ती नगरसभेत आली.

१५/
न्योर्डलिंगेन. नकाशावर हे गाव जवळपास पूर्ण वर्तुळ दिसते. ते ज्या खोलगट प्रदेशात आहे, तो सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी पडलेल्या अशनीचा खड्डा आहे. व्यास सुमारे २५ किलोमीटर. १९६० पर्यंत अनेकांना तो ज्वालामुखी वाटे. शूमेकर आणि चाओ या शास्त्रज्ञांनी येथील दगडात आघातानेच बनणारे खनिज दाखवले आणि वाद संपला. गावातील सेंट जॉर्ज चर्च त्याच आघाताच्या दगडाने बांधलेले असून त्या दगडात सूक्ष्म हिरे आहेत. चर्चचा मनोरा ९० मीटर उंच. लोक त्याला लाडाने ‘डानियल’ म्हणतात.

१६/
याच सुंदर वर्तुळात १५८९ ते १५९८ या काळात चेटकीण ठरवून ३५ जणांना मृत्युदंड देण्यात आला. एक सोडून सर्व स्त्रिया. खाणावळ चालवणाऱ्या मारिया होल हिचा ६२ वेळा छळ झाला. तिने गुन्हा कबूल केला नाही. कबुली नाही, तर इतरांची नावेही नाहीत. तिच्या माहेरच्या उल्म नगरानेही तिची बाजू घेतली आणि १५९४ मध्ये तिला सोडावे लागले. गावात तिच्या स्मरणार्थ एक कारंजे आहे. लोक मनोऱ्याचा फोटो काढून जातात. तुम्ही गेलात तर तेही शोधा.

१७/
आउग्सबुर्ग. इथे आपला धागा जुळतो. याकोब फुगर या सावकाराचे घराणे तांब्याच्या खाणींवर गब्बर झाले. ते तांबे लिस्बनमार्गे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येई आणि त्याच्या मोबदल्यात मिरी जाई. १५०५ च्या पोर्तुगीज आरमारात आउग्सबुर्गच्या व्यापाऱ्यांचे भांडवल होते. पुढे फर्डिनांड क्रोन हा फुगर आणि वेल्झर यांचा गुमास्ता १५८७ मध्ये भारतात आला आणि गोव्यात मातब्बर व्यापारी झाला. गोव्याच्या बंदरातील उलाढाल अशी बव्हेरियातील वाड्यांपर्यंत पोहोचत होती.

१८/
त्याच फुगरने १५२१ मध्ये गरीब कॅथॉलिक नगरवासीयांसाठी ‘फुगराय’ ही वसाहत बांधली. वर्षाचे भाडे एक ऱ्हाइनिश गुल्डन; आज ८८ सेंट. सोबत दात्यासाठी रोज तीन प्रार्थना. १९४४ च्या बॉम्बफेकीत तिचा मोठा भाग पडला, तो पुन्हा उभारला. तेथे आजही सुमारे १५० माणसे राहतात. भिंती नव्या, करार पाचशे वर्षांचा. मग ही वास्तू जुनी की नवी? आम्ही मोटारीत यावर बराच वेळ वाद घातला.

१९/
वाटेत कुरणाच्या मध्यभागी ‘वीसकिर्शे’ हे चर्च लागते. बाहेरून साधे, आत पांढऱ्या-सोनेरी नक्षीचा उत्सव. अडगळीत टाकलेल्या ख्रिस्तमूर्तीच्या डोळ्यांतून १७३८ मध्ये अश्रू आले, अशी श्रद्धा पसरली आणि यात्रेकरू लोटले. डोमिनिकुस झिमरमान याने १७४५ ते १७५४ मध्ये हे चर्च बांधले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सरकार ते विकायला किंवा पाडायला निघाले होते. आसपासच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, म्हणून ते उभे आहे.

२०/
आणि अखेर नॉयश्वानस्टाइन. जगातील सर्वांत प्रसिद्ध ‘मध्ययुगीन’ किल्ल्याचे बांधकाम १८६९ मध्ये सुरू झाले. मुंबई-ठाणे रेल्वे त्याच्याहून १६ वर्षांनी जुनी! आराखडा रंगमंचाचे पडदे रंगवणाऱ्या क्रिस्टियान यांकने काढला. आत गरम हवेची व्यवस्था आणि पाण्याचे नळ. सर्वांत मोठा विरोधाभास असा की हा ‘जुना’ किल्ला बांधण्यासाठी त्या कड्यावरचे खऱ्या मध्ययुगीन गढ्यांचे अवशेष काढून टाकण्यात आले. जून १८८६ मध्ये दुसरा लुडविग राजा गूढरीत्या मरण पावला आणि काही आठवड्यांतच किल्ला तिकीट लावून खुला झाला.

२१/
परतताना पत्नी म्हणाली, “म्हणजे खरं जुनं काहीच नाही?” मी म्हणालो, “आहे. पण आपोआप राहिलेलं काहीच नाही.” रोथेनबुर्गला गरिबीने राखले, डिंकेल्सब्युलला राजाज्ञेने, वीसकिर्शेला शेतकऱ्यांनी, फुगरायला एका कराराने. प्रत्येक उभ्या भिंतीमागे कोणाचा तरी निर्णय, नाहीतर नाइलाज आहे.

२२/
म्हणून पुढच्या वेळी कोणत्याही किल्ल्यात, चर्चमध्ये किंवा वाड्यात शिरताना तीन प्रश्न सोबत न्या. हे कोणी आणि कशासाठी राखले? यातला कोणता भाग कधी पुन्हा बांधला? आणि इथे राहणाऱ्यांपैकी कोणाची नावे पाटीवर नाहीत? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दगड देतात. तिसऱ्याचे मात्र आपल्यालाच शोधावे लागते.

२३/
तुमच्या गावातील वेस, गढी किंवा तट आज उभा असेल, तर तो का उभा राहिला, आणि पाडला असेल तर कोणी आणि का, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि या थ्रेडखाली लिहा.