नाव आणि नळी

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता मालवण तालुक्यातील आमचे एक बागाईतदार स्नेही एक विचारणा घेऊन आले. रानडुकरे त्यांच्या भाताची व केळीची दरसाल धूळधाण करीत. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आजोबांच्या वेळची एक ठासणीची बंदूक त्यांच्यापाशी होती; ती आता जीर्ण झाली होती. तिच्या जागी काडतुसाची दुनळी घ्यावी, आणि घ्यावयाचीच तर अस्सल विलायती घ्यावी, अशी त्यांची उत्कंठा. आंब्याच्या हंगामातून उरलेली रक्कम बेताची. परंतु घाटावरील एका जुन्या घरी लंडनच्या एका नामांकित कारागिराची बंदूक विकावयाची आहे, आणि तीही त्या नावाच्या मानाने अल्प किमतीत, असे त्यांच्या कानी आले होते. आम्ही इतिहासाचे अध्यापक. बंदुकीशी आमचा परिचय पुस्तकी. तथापि जुन्या वस्तूवरील लेख वाचणे हा आमचा व्यवसायच असल्यामुळे सोबत जाण्यास आम्ही रुकार दिला.

विलायती नावाचा हा दबदबा आला कोठून, हे प्रथम पाहिले पाहिजे. इंग्रज कारागिरांच्या बोलीत ‘बेस्ट’ हा शब्द केवळ स्तुतिपर नाही. तो एका विशिष्ट प्रतीचा वाचक आहे. नळी करणारा एक, कळ बसविणारा दुसरा, अक्रोडाचा दस्ता घडविणारा तिसरा, नक्षी कोरणारा चौथा, अशा हातांतून ती बंदूक जाई. एका भागास काजळी लावून तो दुसऱ्यावर टेकवावयाचा, जेथे डाग उमटेल तेवढेच कानशीने घासावयाचे, आणि सांधा केसभरही उरू द्यावयाचा नाही, ही त्यांची रीत. जोसेफ मॅन्टन हा या विद्येचा लंडनमधील आद्य आचार्य. तो 1835 मध्ये वारला. त्याच्या हाताखाली काम केलेल्या जेम्स पर्डीने 1814 मध्ये स्वतःचे दुकान थाटले. पुढे 1851 च्या लंडनमधील महाप्रदर्शनात लफोशो या फ्रेंच कारागिराची मागून काडतूस भरण्याची बंदूक मांडली गेली, आणि ठासणीचे युग संपुष्टात येऊ लागले. 1875 मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कारखान्यातील अ‍ॅन्सन व डीली या दोघांनी थोड्या भागांची, बाहेर घोडा नसलेली पेटीबंद कळ काढली. 1880 मध्ये फ्रेडरिक बीझलीने बाजूच्या पट्टीवरील कळीची आपली नवी योजना पर्डीस दिली. म्हणजे ठासणीपासून आजच्या दुनळीपर्यंतचा बहुतेक प्रवास तीस वर्षांत आटोपला. शंभर वर्षांपूर्वीची उत्तम बंदूक आजही कामास येते, याचे कारण हेच.

या मालाची एक वाट आपल्या मुंबईवरूनही जात होती. आर्मी अँड नेव्ही या विलायती भांडाराची शाखा 1891 मध्ये तेथे निघाली. मात्र पैसा असला म्हणजे बंदूक मिळाली असे नव्हते. 1878 च्या हत्यारांच्या कायद्याने एतद्देशीयांस परवान्यावाचून हत्यार बाळगणे गुन्हा ठरले, आणि युरोपीयांस मात्र सवलत राहिली. त्यामुळे ‘बेस्ट’ बंदूक साहेबांच्या, संस्थानिकांच्या वा मोठ्या जमीनदारांच्या घरीच दिसे. कोकणातील शेतकऱ्याच्या वाट्यास आली ती ठासणीची. दुर्लभ वस्तूचे नाव वस्तूहूनही मोठे होते; आणि नाव मोठे झाले की त्याची नक्कल निघते. बेल्जममधील लीएज शहरी बंदुकांचा प्रचंड धंदा चाले. तेथे चोख माल होई, तसा स्वस्तही होई. आणि त्या स्वस्त मालापैकी पुष्कळावर इंग्रजी कारागिरांची नावे, कधी एखादे अक्षर बदलून, कधी जशीच्या तशी, कोरलेली असत. मॅन्टनच्या नावाची तर अशी विटंबना फारच झाली.

आता त्या घाटावरच्या घरी येऊ. मालकांनी कापडात गुंडाळलेली बंदूक बाहेर काढली. नक्षी सुरेख होती, आणि दोन नळ्यांमधल्या पट्टीवर ते लंडनचे नाव ठसठशीत होते. स्नेह्यांचा चेहरा उजळला. आम्ही नळ्या सोडवून उलट्या करण्याची परवानगी मागितली. कारण बंदुकीचे खरे जन्मपत्र तिच्या पाठीवर नसते, पोटावर असते. इंग्लंडात प्रत्येक नळी प्रमाणाहून अधिक दारूने भरून, ती बार सोसते की नाही हे पाहून, मगच तिच्यावर सरकारमान्य ठसा मारतात. लंडनच्या बंदूककारांच्या संघास सनद मिळाली 1637 मध्ये, आणि बर्मिंगहॅमचे परीक्षागृह स्थापन झाले 1813 मध्ये. दोन्ही ठिकाणच्या ठशांत मुकुट असतो. येथे मुकुटाचा मागमूस नव्हता. त्याऐवजी एका लांबट वर्तुळात ई, एल, जी ही रोमन अक्षरे होती. तो लीएजचा ठसा.

“सर, नाव तर विलायतीच आसा मा?” स्नेह्यांनी हळूच विचारले.

“नाव विलायतचे आहे, नळी बेल्जमची,” आम्ही म्हणालो.

एवढ्यानेही ती त्याज्य ठरली नसती. परंतु नळ्यांवर मोडी वळणासारख्या रेषांची जाळी होती. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, एकत्र तापवून केलेली ती दमास्कसी नळी. ती दिसावयास मोहक. पण ही काळ्या दारूच्या काळातील होती, आणि धूररहित दारूची कसोटी दिल्याचा कोणताही ठसा तिच्यावर नव्हता. त्यात आतून पाहता गंजाचे खड्डे. शिवाय जुन्या दुनळीचे काडतुसाचे घर बहुधा अडीच इंचांचे असते. त्यात त्याहून लांब काडतूस घातले तर दाब वाढतो. अशा नळीत आजचे काडतूस उडविणे म्हणजे डाव्या हाताची बोटे, कदाचित डोळाही, पणास लावणे होय. मालकांनाही याची कल्पना नव्हती. त्यांनी आपल्या आजोबांचा शब्द प्रामाणिकपणे पुढे केला होता.

“मगे ही घेवची नाय?”

“भिंतीवर लावण्यासही नाही. परवान्यावरची जागा हिने अडवू नये.”

परतीच्या वाटेवर आम्ही त्यांस थोडक्या पैशांत करावयाच्या निवडीचे सूत्र सांगितले. पट्टीची कळ व लंडनचे नाव यांचा मोह सोडावा. बर्मिंगहॅमची साधी पेटीबंद दुनळी पाहावी. लंडनच्या दुकानांच्या नावाने खपलेला कित्येक मालही मुळात त्याच गावचा. नक्षी पुसट असली तरी चालेल, पण नळीची भिंत जाणकाराकडून मोजून घ्यावी. नळ्या दोरीने टांगून बोटाने ठोकाव्या. घंटेसारखा नाद आला तर डाख शाबूत आहे. पुढचे लाकूड काढून सांधा हलवून पाहावा. तो खुळखुळत असेल तर परत द्यावी. आपल्या खाऱ्या हवेत तेलाचा हात रोज फिरला पाहिजे, हे निराळे सांगावयास नको.

दुसऱ्या दिवशी मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ला समोर दिसत होता, आणि मनात जुनी आठवण जागी झाली. 1660 मध्ये राजापूरच्या इंग्रजांनी पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या बाजूने तोफ डागली. पुढच्याच वर्षी शिवाजीमहाराजांनी त्यांची वखार लुटून त्यांस कैदेत टाकले. त्यानंतर महाराज इंग्रजांपाशी तोफा मागत आणि इंग्रज टोलवाटोलवी करीत, असे वर्षानुवर्षे चालले. या अनुभवाचे सार रामचंद्रपंत अमात्यांच्या 1715 च्या आज्ञापत्रात उतरले आहे. टोपीकरांचे बळ आरमारात व दारूगोळ्यात आहे, हे त्यांनी नेमके ओळखले होते. हत्याराची चकाकी पाहून न भुलता ते कशाच्या जोरावर चालते हे पाहणे, ही त्यांची दृष्टी.

काही महिन्यांनी स्नेह्यांना हवी तशी बंदूक मिळाली. नक्षी झिजलेली, दस्ता डागाळलेला, नाव कोणाच्या ऐकिवात नसलेले. पण पोटावर बर्मिंगहॅमचे ठसे स्वच्छ, त्यांत धूररहित दारूचाही. विकणाऱ्याने लेखी वर्दी देऊन कायद्याचे 45 दिवस जाऊ दिले, मग ती परवान्यावर चढली. वनखात्याच्या परवानगीखेरीज जनावर मारता येत नाही, म्हणून बहुधा ती हवेतच वाजते. तिचा बार ऐकून डुकरे पळतात. त्यांस कारागिराचे नाव कोणी सांगितलेले नाही.