१४. तहकूब ग्रामसभा

१४. तहकूब ग्रामसभा : गणपूर्ती न झाल्याने, म्हणजे गावच्या बोलीत 'कोरम न भरल्याने', पुढे ढकललेली सभा. मुंबई (आता महाराष्ट्र) ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ व त्याखालील नियमांप्रमाणे गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. तहकूब सभेला ही अट नाही. त्यामुळे लेखकाने वर्णिलेली देवळाच्या ओसरीवरची मोजक्या माणसांची सभा नियमबाह्य नव्हे आणि अनपेक्षितही नाही. भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत वाड्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या, घरटी कोणी ना कोणी पुण्या-मुंबईला. पहिल्याच हाकेला कोरम भरला तर नवल.

लेखकाच्या याच परिच्छेदातील 'मागचं प्रोसिडिंग कायम केलं' याचा अर्थ मागील सभेचे इतिवृत्त वाचून ते बरोबर लिहिले गेल्याची मान्यता दिली, एवढाच. विषयपत्रिकेवर हा विषय बहुधा पहिला असतो. ठराव त्याने पुन्हा मंजूर होत नाहीत आणि त्यावर नव्याने मतही घेतले जात नाही. मूळ लेखनात पाणवठ्याच्या जागेवरून पुढे जुंपलेले भांडण, संपादकाच्या मते, निम्मे 'कायम करणे' म्हणजे ठराव पुन्हा मंजूर करणे या गैरसमजातून आले आहे. महिलांची सभा नियमित ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते. लेखकाने ती गाळली आहे. 'भाऊसाहेब' हे येथे इतिवृत्त लिहिणारे ग्रामसेवक. तलाठ्यालाही गावात हेच संबोधन असते, पण सभेच्या नोंदींशी त्याचा सहसा संबंध नसतो.