झाला की केला?

नांदूरघाटपासून बीड जिल्ह्यात कुठंही जा, तुळजाभवानीला कुलदेवता मानणारी घरं लागतात. १६५९मध्ये स्वारीवर येताना अफजलखानाने तुळजापूरची मूर्ती फोडली, ही गोष्ट या घरांतल्या पोरांना शाळेत जायच्या आधीच ठाऊक असते. सभासद बखरीत ती आहे. बखर १६९७ची, जिंजीला लिहिलेली, म्हणजे घटनेनंतर ३८ वर्षांची. हे अंतर सांगणं ही काही खानाची वकिली नव्हे. वाक्य मात्र स्वच्छ आहे. कोणी फोडलं, काय फोडलं, दोन्ही त्यात येतं.

आपल्याच फौजेबद्दल असं वाक्य लिहायची वेळ आली की काय होतं, ते कर्नाटकातल्या शृंगेरीच्या हकिकतीत दिसतं. १७९१मध्ये टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम आणि मराठे एकत्र लढत होते. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या टोळ्यांनी शंकराचार्यांचा मठ लुटला, माणसं मारली, शारदेची मूर्ती जागची हलवली. स्वामी कारकळला निघून गेले. त्यांनी मदत मागितली ती टिपूकडे, आणि मूर्तीची पुन्हा स्थापना करायला त्याने पैसा आणि धान्य पुरवलं. हा पत्रव्यवहार १९१६मध्ये मठातच सापडला. (याच टिपूच्या फौजेने मलबारात देवळं उद्ध्वस्त केली. तेही वाक्य कर्त्यासकटच लिहायचं.)

मराठीत शृंगेरीचा विषय निघाला की कर्ता हळूच सरकतो. लूट ‘पेंढाऱ्यांनी आणि लमाणांनी’ केली, भाऊंना ती ठाऊक नव्हती. आज्ञा नसेलही. पण पेंढाऱ्यांना पगार नसायचा. ते लुटीवर जगत आणि लुटीच्या मुभेबद्दल पालपट्टी भरत. लमाण फौजेला धान्य पुरवत. म्हणजे दोघंही फौजेच्या व्यवस्थेतलेच. सरदाराचं नाव पुसायचं आणि ज्यांचे तांडे आज आपल्या शेजारी आहेत त्या अख्ख्या जमातीच्या नावावर लूट मांडायची, याला तटस्थपणा कसं म्हणणार?

आणि हा फक्त जुन्या कागदांचा खेळ नाही. ३० मार्च २०२५, गुढीपाडव्याची पहाट. आपल्याच जिल्ह्यात, गेवराई तालुक्यातल्या अर्धमसल्याच्या मशिदीत जिलेटिनचा स्फोट. जीवितहानी नाही, मशिदीचं नुकसान झालं. दुसऱ्या दिवशी ईद होती. अशा वेळी मोबाइलवर येणारं सगळ्यात सोपं वाक्य म्हणजे ‘मशिदीत स्फोट झाला’. हे तर गॅसच्या सिलिंडरबद्दलही म्हणता येतं. जिलेटिनच्या कांड्या काही चालत मशिदीत येत नाहीत. ‘मशिदीत जिलेटिनने स्फोट घडवला’ एवढं लिहायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. कोणी घडवला, हा पुढचा प्रश्न. पोलिसांनी दोघांना अटक केली. निकाल लागेपर्यंत ते आरोपी, आणि आरोपी म्हणजे ते दोघं. त्यांचं गाव नाही, त्यांची जात नाही.