जातं, गिरणी आणि जिन्याखालचा फळा

स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासाचं लिहा, असं संपादक मंडळानं सांगितलं तेव्हा मी आधी सोसायटीची जुनी इतिवृत्तं काढून बसलो. 2000 साली नोंदणी, मग बोअर, मग गच्चीवरची टाकी. पण हे सगळं अध्यक्षांच्या मनोगतात येणारच आहे. म्हणून मी इतिहास सांगतो तो पार्किंगच्या कोपऱ्यात, मोटारीच्या खोलीजवळ पडलेल्या जात्याचा. ते माझं आहे. पोरं त्याच्यावर उभी राहून क्रिकेटचा स्कोअर ओरडतात, आणि "काका, हे उचलता कधी?" असं मला किमान चार सेक्रेटरींनी विचारलेलं आहे.

हे जातं माझ्या मायचं. पूर्णेकडच्या आमच्या गावात माय पहाटे चारला उठून त्याच्यासमोर बसायची. घरात खाणारी नऊ तोंडं, दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी. एकदाच आठवड्याचं दळून का ठेवत नाहीत, असं लहानपणी मला वाटायचं. तसं जमत नाही. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात. म्हणजे काम रोजचंच. दोन तास एक हात खुंट्यावर, दुसऱ्या हातानं मूठ मूठ वैरण घालायची. जातं गुळगुळीत झालं की टाकी लावणारी बाई गल्लीत ओरडत यायची, तेव्हा मायला एक सकाळ सुट्टी.

आपल्या जिल्ह्याला हे काम नवं नाही. गंगाखेडच्या जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल तिला दळू लागतो, पाणी आणू लागतो. सातशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आपण भक्तीची म्हणून ऐकतो, आणि ती आहेच. पण देवानं यावं आणि खुंट्याला हात लावावा, हे सुचतं कुणाला? जिला रोज दळावं लागतं तिलाच. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांच्या लोकांनी 1996 साली ताडकळसला येऊन गंगूबाई अंभोरे यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. ताडकळस म्हणजे आमच्या शिवारापासून जवळच. ते कळलं तेव्हा मला हळहळ वाटली, कारण तोवर आमच्या घरातलं जातं बंद होऊन चोवीस वर्षं झाली होती.

ते बंद पडलं 1972 च्या दुष्काळात. मी तेव्हा दहा वर्षांचा. ज्वारी पिकली नाही, रेशनवर अमेरिकेतली लाल मिलो यायची. माय आणि मोठी बहीण दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. दिवसभर हातोडा चालवून आलेल्या हातानं पहाटे जातं कसं ओढायचं? हाताला फोड आलेले. गावात गिरणी होती, डिझेल इंजिनाची, धुराड्यावर डबा उपडा घातलेला, पुक पुक आवाज दोन कोसावर ऐकू यायचा. आजीचा तिला कडाडून विरोध. म्हणायची, गिरणीचं पीठ मेलेलं असतं, गरम होऊन निघतं. त्या वर्षी आजी काही बोलली नाही. डबा घेऊन मीच गिरणीवर जायला लागलो. लोक "पूर्वीचं ते सगळं चांगलं" म्हणतात तेव्हा मला मायचे ते हात आठवतात, आणि मी वाद घालत नाही, फक्त उठून जातो.

त्याच 1972 साली, मे महिन्यात, परभणीला कृषी विद्यापीठ झालं. पुढं तिथल्या गृहविज्ञानवाल्यांनी शेतकरी बायकांचे काबाडकष्ट कमी करण्यावर बरंच काम केलं. कापूस वेचणीचा कोट हे त्यातलं मला आवडलेलं साधन: पुढं मोठा खिसा, म्हणजे ओटीच्या गाठीचा ताण मानेवर येत नाही. काही यंत्र नाही, वीज नाही, नुसता शिवलेला कपडा. घरातल्या वस्तूंचा इतिहास तर आपल्या सगळ्यांच्या लग्नातल्या आहेरांतच सापडेल. प्रेशर कुकर आपल्या देशात 1959 च्या सुमाराला बनू लागले, सुमीतचा मिक्सर 1963 चा, आणि निर्लेपचा तवा 1968 पासून आपल्या मराठवाड्यातला, औरंगाबादचा.

मग वेळ वाचला का? वाचला. पण तो गेला कुठं, हे मला फार उशिरा कळलं. रूथ श्वार्ट्झ कोवान नावाच्या अमेरिकन बाईंनी 1983 साली यावर पुस्तकच लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की यंत्रांनी पुष्कळदा पुरुषांची, पोरांची आणि गड्यांची कामं वाचवली, आणि बाईकडून अपेक्षा मात्र वाढल्या. आमच्याच घरी बघा: मशीन नव्हतं तेव्हा मोठं धुणं आठवड्यातून दोनदा निघायचं. मशीन आलं आणि रोज निघायला लागलं. गिरणीचा डबा मी न्यायचो, घरघंटी आली आणि तेही काम स्वयंपाकघरात गेलं. माझा वेळ वाचला.

आपल्या सोसायटीत मात्र खरा वेळ वाचवला तो एका फळ्यानं. जुन्या सभासदांना आठवत असेल, तेव्हा नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं, आणि नेमकं कधी ते कुणालाच ठाऊक नसायचं. सोळा घरांत सोळा बायका जाग्या. आमच्या सौ. शाळेत होत्या, त्यांच्या किरकोळ रजेतली निम्मी रजा पाण्यासाठी जायची. (माझी एकही गेली नाही.) मग तळमजल्यावरच्या काकूंनी जिन्याखालच्या नोटिशीच्या फळ्यावर खडूनं लिहायला सुरुवात केली: पाणी आलं ती तारीख, वेळ, किती वेळ टिकलं. दोन महिन्यांत अंदाज बांधता यायला लागला. ज्या दिवशी पाणी यायचा संभव, त्या दिवशी पाळीनं एकानंच जागायचं आणि बाकीच्यांची बेल वाजवायची. कमिटीत आम्ही पुरुषांनी काय केलं? इतिवृत्तात आहे: "फळ्याची योग्य जागा" या विषयावर साधकबाधक चर्चा, आणि विषय पुढील सभेत. आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, पण तिथं पाण्याचा निरोप वाढदिवसांच्या केकखाली गाडला जातो.

निवृत्त झाल्यावर मी एक आठवडा डायरीत दोघांचं घरकाम मिनिटांत मांडलं. माझं निघालं रोजचं पस्तीस मिनिटं, त्यात वीस दुधाची. सौ. म्हणाल्या, "अहो, दूध कशाला धरलंत? तिथं तुम्ही गप्पा मारता." सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात 6 वर्षांवरच्या माणसांत दिवसभरात घरकामाला हात लावणाऱ्या बायका शंभरात 81 निघाल्या, पुरुष 26. आणि जे लावतात त्यांतही बाईची 299 मिनिटं, पुरुषाची 97. म्हणजे हातभार लावणाऱ्या पुरुषांतही मी शेवटच्या बाकावरचा. तेव्हापासून भाकऱ्या मी थापतो, असं लिहायचा मोह होतोय, पण हा अंक सौ. वाचणार आहेत. कणीक मळतो, कपडे मशीनमधून काढून वाळत घालतो, आणि घड्या माझ्या मलाच कराव्या लागतात.

शेवटची तीन वर्षं माय इथं, आपल्या सोसायटीत होती. गावचं घर पाडलं तेव्हा तिनं जातं सोबत आणायला लावलं, पण दळायचं नावही कधी काढलं नाही. घरघंटी लावली की मात्र ती खुर्ची ओढून तिच्याजवळ येऊन बसायची. तोंड हलायचं. मोटारीच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही, आणि मशीन बंद केलं की तीही थांबायची. बंद करून विचारलं तर म्हणायची, "काही नाही रे, लाव तू."

तेव्हा सेक्रेटरींना विनंती, की जातं तिथंच राहू द्या. पोरं त्याच्यावर उभी राहिली तरी चालेल, फक्त वरचा दगड सरकवू नका म्हणावं, बोटं चेंगरतात.