सागरी सहली : कालच्या आणि आजच्या

कोकण किनाऱ्यावरील आमच्या आजोबा-पणजोबांना आगबोट ठाऊक होती ती कामापुरती. मुंबईहून दाभोळला किंवा पणजीला जायचे तर बोटीइतका सोयीचा दुसरा मार्ग नव्हता. बोट लागून जीव नकोसा होई, तरी उतरण्याचे बंदर ठरलेले असे आणि तेवढ्यासाठी सारे सोसले जाई. ज्या प्रवासाला पोहोचण्याचे ठिकाणच नाही, जेथून निघायचे तेथेच चार दिवसांनी परत यायचे, त्यासाठी कुणी पदरचे पैसे मोजील ही कल्पना त्यांना विनोदी वाटली असती. आज मात्र लग्नाचा रौप्यमहोत्सव असो वा निवृत्ती, 'क्रूझला जाऊ या' असे आपल्या घरांतून सहज बोलले जाते. २०२१ साली तर खुद्द मुंबई बंदरातून 'कॉर्डेलिया' कंपनीच्या सहली सुरू झाल्या. ही हौस आली कोठून, आणि तिचा भार कुणाच्या खांद्यावर राहिला, हे तिकीट काढण्यापूर्वी जाणून घेणे आम्हांला अगत्याचे वाटते.

आरंभच मोठा बोलका आहे. १८४४ साली पी अँड ओ या इंग्रज कंपनीने भूमध्य समुद्रातील आपल्या फेऱ्यांची कीर्ती व्हावी म्हणून विल्यम थॅकरे या लेखकाला फुकट प्रवास घडविला. (हा थॅकरे जन्माने कलकत्त्याचा.) त्याने १८४६ साली त्या प्रवासाचे पुस्तक लिहिले. सागरी सहलीच्या जाहिरातीचा मार्ग असा तेव्हाच आखला गेला.

पुढे १८६७ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कहून 'क्वेकर सिटी' हे जहाज युरोप आणि पवित्र भूमीच्या यात्रेला निघाले. भाडे होते १२५० डॉलर, म्हणजे त्या काळी लहानशी मिळकतच. एका मोठ्या प्रॉटेस्टंट चर्चची मंडळी या यात्रेच्या मुळाशी होती. त्या चर्चचे नामांकित प्रवचनकार हेन्री वॉर्ड बीचर आणि यादवी युद्धातील सेनापती शर्मन हे सहप्रवासी असतील, असा गाजावाजा झाला होता. प्रत्यक्षात दोघेही आले नाहीत. निघाल्यावर वादळी हवेमुळे जहाज बंदराच्या तोंडाशीच नांगर टाकून थांबले. हे सारे आपल्याला ठाऊक आहे, कारण प्रवाशांत मार्क ट्वेन नावाचा तरुण बातमीदार होता आणि त्याने १८६९ मध्ये आपल्या सोबत्यांची यथेच्छ थट्टा करणारे पुस्तक छापले. माहितीपत्रक आणि प्रत्यक्ष यांतील अंतर इतके जुने आहे.

मात्र ज्याला आज क्रूझ म्हणतात तिचा जनक म्हणून आल्बर्ट बालिन याचे नाव घेतले जाते. हांबुर्ग-अमेरिका कंपनीचा हा ज्यू कारभारी हिशेबाला पक्का. हिवाळ्यात अटलांटिक महासागर खवळतो, प्रवासी घटतात आणि महागडी जहाजे धक्क्याला बांधून ठेवावी लागतात, हे त्याला बोचत होते. २२ जानेवारी १८९१ रोजी त्याने 'ऑगुस्टा व्हिक्टोरिया' हे जहाज २४१ प्रवाशांसह भूमध्य समुद्राच्या सहलीला पाठविले आणि स्वतःही सपत्नीक त्यावर चढला. सहल यशस्वी झाली. तेव्हा कंपनीने केवळ सहलीसाठी 'प्रिंत्सेसिन व्हिक्टोरिया लुईझे' हे खास जहाज बांधले. १९०० साली ते पाण्यात उतरले आणि १९०६ च्या डिसेंबरात जमैकाच्या खडकांवर आदळून निकामी झाले. प्रवासी सुखरूप वाचले. कप्तानाने आपल्या खोलीत स्वतःवर गोळी झाडून घेतली.

म्हणजे ही सहल प्रवाशाच्या इच्छेतून जन्मली नाही; रिकाम्या खोल्या भरण्याच्या मालकाच्या गरजेतून जन्मली. स्वस्त तिकिटाचे रहस्य आजही तेथेच आहे. रिकामी खोली कंपनीला परवडत नाही. एकदा माणूस डेकवर आला की मद्य, इंटरनेट, छायाचित्रे, किनाऱ्यावरील सफरी यांतून उरलेली वसुली होते.

हे झाले वरच्या मजल्यांचे. खालच्या मजल्यांचा इतिहास आपल्या अधिक जवळचा आहे. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या बोटींवर कामाची वाटणी जवळजवळ जातवार होती. डेकवरील खलाशी पुष्कळदा रत्नागिरीकडील मुसलमान, कोळशाच्या भट्ट्यांपाशी पंजाबी आणि पठाण, आणि भटारखान्यात व जेवणाच्या दालनात गोव्याचे ख्रिस्ती. कायद्यानेच त्यांना गोऱ्या खलाशाहून कमी जागा मिळे, आणि वेतन तर त्याच्या वेतनाचा जेमतेम काही अंश. गोमंतकात ज्यांना 'तारवटी' म्हणतात ते हेच. बोट मिळेपर्यंत ते धोबीतलावच्या परिसरात आपापल्या गावाच्या 'कुडां'त राहत. जेर महाल या इमारतीत अशी कितीतरी कुडे होती. पत्र्याच्या पेट्यांची रांग, भिंतीशी वेदी, तीवर गावच्या आश्रयदात्या संताची तसबीर आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हटलेली रोझरी. गोव्यातील कित्येक घरांची कौले, मुलांच्या शाळेची फी आणि गावच्या फेस्तांचा खर्च याच पेट्यांतून आला. युरोपच्या सागरी सहलींच्या वैभवाविषयी ढीगभर पुस्तके लिहिली गेली. त्या वैभवाची ताटे उचलणाऱ्यांविषयी फार थोडी. हा पक्षपात आम्हांला खटकतो.

त्यांच्या हक्कांना पुढे कशी गळती लागली, याची हकिगत मद्याशी जोडलेली आहे. अमेरिकेत १९२० पासून दारूबंदी होती आणि तिथला बावटा लावणाऱ्या जहाजांवर मद्य विकता येईना. १९२२ साली 'रिलायन्स' आणि 'रेझोल्यूट' या दोन जहाजांनी म्हणून पनामाचा बावटा स्वीकारला. मद्याची सोय झाली; पण त्याबरोबर मालकांना असेही कळून चुकले की, बावटा बदलला की कायदाही बदलतो. दारूबंदी १९३३ मध्ये उठली, बावटे मात्र परतले नाहीत. आज बहुसंख्य सहलींची जहाजे पनामा, बहामा यांसारख्या देशांत नोंदलेली असतात, मालक भलत्याच देशांत असतात आणि कामगार आपल्याकडून, फिलिपिन्समधून वा इंडोनेशियातून येतात.

१९५८ च्या ऑक्टोबरात अटलांटिकवर जेट विमानांची नियमित सेवा सुरू झाली आणि काही वर्षांतच मोठ्या बोटी रित्या पडल्या. बालिनचा जुना तोडगा आता धंद्याचे सर्वस्व झाला. 'फ्रान्स' या जहाजाचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. १९६० साली द गॉल यांच्या पत्नीच्या हस्ते त्याचे जलावतरण झाले. फ्रेंच राष्ट्राचा तो अभिमान होता. १९७४ मध्ये ते परवडेनासे होऊन बांधून ठेवले गेले. १९७९ साली नॉर्वेच्या कंपनीने ते विकत घेतले आणि 'नॉर्वे' या नावाने ते कॅरिबियन बेटांच्या सहली करू लागले. मे २००३ मध्ये मायामी बंदरात त्याचा बॉयलर फुटून आठ कर्मचारी प्राणास मुकले. प्रवाशांपैकी कुणी दगावले नाही. अखेर 'ब्लू लेडी' या नावाने ते गुजरातेतील अलंगच्या किनाऱ्यावर आले. त्यातील विषारी ॲस्बेस्टॉसमुळे वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २००७ साली तोडण्याची परवानगी मिळाली, आणि फ्रान्सचा तो अभिमान आपल्याच मजुरांनी गॅसकटरने कापून काढला.

अलीकडच्या दोन घटना प्रत्येक प्रवाशाने ध्यानात ठेवाव्यात. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्ता कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटून कलंडले आणि ३२ जण दगावले. त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांना जीवरक्षणाची कवायत दिलीच नव्हती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती चोवीस तासांत केव्हाही चालत असे. आता ती निघण्यापूर्वी वा निघताच करावी लागते. मृतांत एक भारतीय वाढपी होता. सर्वांत शेवटी, म्हणजे २०१४ च्या नोव्हेंबरात, सापडले ते त्याचे अवशेष. दुसरी घटना २०२० च्या फेब्रुवारीतील. योकोहामा येथे 'डायमंड प्रिन्सेस'वर ३७११ माणसे अडकली आणि सातशेहून अधिक जणांना कोरोनाची लागण झाली. जहाजावरील १३८ भारतीयांपैकी १३२ जण कर्मचारी होते. प्रवासी आपल्या खोल्यांत बंद. कर्मचारी मात्र दारोदार जेवण पोहोचवीत आणि रात्री दाटीवाटीच्या खोल्यांत निजत होते. त्याच एप्रिलमध्ये 'मारेला डिस्कव्हरी'वरील आपली मुले मुंबईचे दिवे दिसत असताना उतरण्याच्या परवानगीची वाट पाहत समुद्रात ताटकळली.

इतके असूनही सहलीला जाऊच नये असे आमचे मत नाही. वृद्ध आईवडिलांना पेट्या न उचलता, हॉटेले न बदलता चार गावे दाखविण्याचा याहून सुखाचा मार्ग क्वचितच असेल. फक्त डोळे उघडे ठेवून जावे. तिकिटाच्या आकड्यावर भुलू नये; सेवाशुल्क दररोज माणशी वेगळे लागते का, हे आधी विचारावे. एकट्या माणसाला पुष्कळदा दोघांचे भाडे पडते. ज्यांना बोट लागते त्यांनी जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या बाजूची खोली घ्यावी. तेथे डोलणे सर्वांत कमी, आणि ती स्वस्तही असते. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात ही हौस करूच नये. परदेशी बंदरातून निघायचे असल्यास आदल्या दिवशीच तेथे पोहोचावे आणि व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा लागतो का, हे पाहावे. वाटेत देश बदलतात, हे घाईत विसरले जाते. औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत, कारण मोठ्या बॅगा खोलीवर उशिरा येतात. जहाजावरील डॉक्टरांची फी भारी असते, तेव्हा विमा उतरवावा. कवायतीचा भोंगा वाजला की हातातला चहा ठेवून जावे.

याच जहाजांवर नोकरीला जाऊ पाहणारी मुलेही आपल्याच धर्मग्रामांत आहेत. २००६ चा सागरी श्रम करार २०१३ पासून अमलात आला आणि भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार नोकरी मिळवून देण्यासाठी खलाशाकडून दलाली घेता येत नाही, आणि चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती द्यावी लागते. कुणी एजंट लाखभर रुपये मागत असेल, तर नौवहन महासंचालनालयाचा परवाना त्याच्याकडे आहे का, हे घरच्यांनी प्रथम तपासावे.

रविवारच्या मिस्साची चौकशी काही वाचक आमच्याकडे करतात. प्रत्येक जहाजावर धर्मगुरू असतोच असे नाही. कंपनीला आधी विचारलेले बरे. खलाशांसाठी मात्र १९२० साली ग्लासगो येथे सुरू झालेले, आज 'स्टेला मारिस' म्हणून ओळखले जाणारे प्रेषितकार्य जगातील शेकडो बंदरांत चालते. त्यांचे धर्मगुरू व स्वयंसेवक जहाजावर चढतात, घरी फोन करण्याची सोय पाहतात, आजाऱ्याला भेटतात. कर्मचाऱ्यांसाठी मिस्सा झालाच तर तो बहुधा रात्री उशिरा, शेवटची ताटे विसळून झाल्यावर, खालच्या मजल्यावरील त्यांच्याच भोजनगृहात होतो.